पूर्ववत करावे, ही विनंती

संगणकाविषयी काकांची पहिली सूचना ‘तो आणू नये’ अशी होती. ती मान्य झाली नाही. पुढच्या चाळीस वर्षांतल्या त्यांच्या सगळ्या सूचना ही त्या एका सूचनेची स्मरणपत्रं आहेत, असं माझं मत आहे.

काका आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. ऐंशीच्या दशकात बँकांत यंत्रं येणार अशी कुणकुण लागली तेव्हा कर्मचारी संघटनांनी जो आवाज उठवला, त्यात काकांचा आवाज खणखणीत होता. छातीवर काळा बिल्ला, दुपारच्या सुट्टीत दारसभा, ‘हे यंत्र माणसाच्या पोटावर पाय देणार’ वगैरे सगळं. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि यथावकाश काकांच्या शाखेत ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ नावाचं धूड येऊन बसलं. बिल्ला खणात ठेवून काकांनी त्याची पुस्तिका वाचायला घेतली. विरोध करायचा तर पूर्ण माहितीनिशी, हे त्यांचं तत्त्व. पण पुस्तिका वाचणारे अख्ख्या शाखेत ते एकटेच निघाले, त्यामुळे विरोधकच यंत्राचा कारभारी झाला. त्यांची रजा मंजूर करताना मॅनेजरसाहेब आधी विचारत, “पण मशीन कोण बघणार?” महिन्याभरात काकांनी मुख्य कार्यालयाला पत्र धाडलं. कळफलकाची मांडणी लेजर लिहिणाऱ्याच्या सोयीची नाही. कार्बन घालून तीन प्रती.

उत्तर आलं नाही. सूचना करणाऱ्या माणसाला उत्तर मिळालं की तो शांत होतो, न मिळालं की तो घडतो. काका घडले.

आज त्यांच्या संगणकाच्या टेबलावर, कळफलकाच्या डाव्या हाताला, एक आवक-जावक रजिस्टर असतं. लाल कापडी कणा, करडे पुठ्ठे, आतल्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने : जावक क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, उत्तर, शेरा. ‘कोणास’ या रकान्यात मायक्रोसॉफ्ट, उबुंटू, ॲपल अशी नावं आलटून पालटून येतात. ‘उत्तर’ हा रकाना कोरा आहे, इतका की त्यात काकूंनी एकदा दुधाचा हिशेब लिहिला होता. ‘शेरा’ मात्र नियमित भरलेला. मला ते रजिस्टर चाळायची परवानगी आहे, कारण इमारतीत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ अशी माझी ख्याती आहे आणि काकांना साक्षीदार लागतो.

त्यातल्या काही नोंदी मी वहीत उतरवून घेतल्या. “विषय : फाइल कॉपी होताना उरलेला वेळ. दोन मिनिटे सांगून वीस मिनिटे बसवले जाते, मग एकाएकी पाच सेकंद म्हणतात. निश्चित वेळ माहीत नसल्यास ‘कृपया थांबा’ एवढेच लिहावे. आम्ही काउंटरवर तेच करत होतो.” दुसरी : “विषय : आर यू शुअर. प्रत्येक गोष्ट पुसताना असे विचारले जाते. अधोस्वाक्षरीकार अधिकारी श्रेणीतून निवृत्त झाला असून त्याच्या निर्णयाची फेरतपासणी नको.” तिसरी : “विषय : अपडेट चालू असताना संगणक बंद करू नका, ही आज्ञा. आमचेकडे वीज जाते. सदर आज्ञा वीजवाल्यांस द्यावी.” आणि एकूण एक नोंदीचा शेवट एकाच वाक्याने : “तरी पूर्ववत करावे, ही विनंती.”

हे वाक्य बँकेतून आलेलं आहे. कुणाचं इन्क्रीमेंट थांबलं, कुणाची बदली झाली, कुणाची खुर्ची पंख्याखालून हलवली, की अर्जाच्या तळाशी हे वाक्य येई. काकांच्या सूचना वरवर सुधारणेच्या दिसतात. नीट वाचलं की लक्षात येतं, या माणसाला काहीही सुधारायचं नाही. त्याला त्याची खुर्ची पंख्याखाली परत हवी आहे. माझ्या ऑफिसातली पोरं म्हणूनच त्यांना ‘कंट्रोल झेड काका’ म्हणतात. काकांना हे माहीत आहे. त्यांची हरकत नावाला नाही. कंट्रोल झेड हल्ली प्रत्येक ठिकाणी सारखं चालत नाही, याला आहे.

स्टार्ट बटणाचंच घ्या. विंडोज ९५ आलं ऑगस्ट १९९५ मध्ये. कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असं लिहिलेलं बटण आणि त्यातून उलगडणारी यादी, ही त्याची नवलाई. काकांनी ते पाहिलं आणि विचारलं, बंद करायचं तरी ‘स्टार्ट’च का दाबायचं? ही शंका जगात कोट्यवधी लोकांना येऊन गेली असेल. काकांना ती स्वतःची वाटते, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं कळवली. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्यात ते बटणच नव्हतं. कोपरा रिकामा. काका त्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. “इतकं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं रे,” म्हणाले.

पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. पण ते दाबलं की जुनी यादी येईना, विंडोज ८ मधल्या रंगीत फरशांचा भलामोठा पडदा यायचा. यावर काकांची प्रतिक्रिया मुरलेल्या संघटनावाल्याची होती : “मागणी अंशतः मान्य. आंदोलन चालू ठेवा.” यादी परत यायला २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. म्हणजे तीन वर्षं खपून, जगभरचे लोक ओरडून, साधारण वीस वर्षांपूर्वी जिथे होतो तिथे पोचलो. काका याला प्रगती म्हणतात, आणि ते थट्टेने म्हणत नाहीत.

काका संगणकासमोर कसे बसतात हे बघण्यासारखं आहे. बसल्या बसल्या काहीही उघडत नाहीत. चष्मा पुसतात. माउसखालचं पुठ्ठं सरळ करतात. मग पडद्यावरची मोकळी जागा हेरून उजवं बटण दाबतात आणि यादीतलं ‘रिफ्रेश’ टिचकवतात. चित्रं एकदा लुकलुकतात. पुन्हा उजवं बटण, पुन्हा रिफ्रेश. आणखी एकदा. जेवणाआधी चित्राहुती घालावी तसा हा विधी आहे, तो झाल्याखेरीज पहिला घास नाही. रिफ्रेश केलं की संगणक ताजातवाना होतो आणि पळू लागतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. सायबर कॅफेत आणि क्लासांत एकाने दुसऱ्याचं बघून ती पसरली. प्रत्यक्षात त्या आज्ञेने पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात, नुकतीच आलेली एखादी फाइल दिसत नसेल तर दिसते, बस. मेमरी मोकळी होत नाही की वेग वाढत नाही. हे मी काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मला माहीत आहे. पण आपण कामाला बसलोय हे त्याला कळायला नको?”

तर जून २०२१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती हौशी परीक्षकांच्या हाती दिली. उजव्या बटणाची यादी फार लांबली म्हणून आखूड केली होती, आणि जागा करण्यासाठी ‘रिफ्रेश’ला ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत ढकललं होतं. बातमी वाचून काका सरसावले.

विंडोज १० पासून संगणकातच ‘फीडबॅक हब’ नावाची सोय आहे. विंडोजची कळ आणि एफ एकदम दाबलं की ती उघडते, सूचना लिहायची, आणि इतरांनी तिला पाठिंबा दिला की ती वर सरकते. पाठिंबा हा शब्द ऐकल्यावर काका थांबतील कसे? त्यांनी जिन्यानिहाय यादी केली. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, तिसऱ्यावरचे क्लासवाले, गच्चीच्या चाव्या ठेवणारे सेक्रेटरी, सगळ्यांकडून खूण करून घेतली. वॉचमनला मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून दिलं. सूचनेचा मजकूर बँकेच्या इंग्रजीत : ‘विथ रेफरन्स टू द कॅप्शन्ड सब्जेक्ट’ने सुरुवात आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ने शेवट. पलीकडे सिएटलच्या बाजूला बसलेल्या कुण्या पोराने ते वाचलं असेल तर त्याला आपलं कर्ज थकलंय असं वाटलं असणार.

आणि जुलैच्या चाचणी आवृत्तीत रिफ्रेश वरच्या यादीत परत आलं. मायक्रोसॉफ्टने बदलांच्या टिपणात तसं नोंदवलंही. जगभरातून किती लोकांनी ते मागितलं होतं, याची काकांना फिकीर नाही. संध्याकाळी इमारतीत पेढे वाटले. मी हातात पेढा घेऊन म्हणालो, काका, अहो पण त्याने वेग वाढत नाही. “पेढा खा,” म्हणाले. रजिस्टरात शेरा आहे : “मान्य. (श्रेय दिले नाही.)”

काकू या सगळ्यात कुठे आहेत असं कुणी विचारेल. काकू त्याच संगणकावर विजेचं बिल भरतात, नातवाशी बोलतात, आणि भजनी मंडळाच्या पावत्या करतात. त्यांनी संगणकाला आजवर एकच सूचना केली आहे, तीही तोंडी : “उघड मेल्या.” ती बहुतेक वेळा मान्य होते.

सोसायटी म्हटली की कन्व्हेयन्स आलं, आणि कन्व्हेयन्स म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या माणसाचा आवाज चढतो. इमारत उभी राहून वर्षं लोटतात, जमीन मात्र बिल्डरच्याच नावावर. काका सोसायटीचे त्या विषयाचे प्रतिनिधी होते. कागदपत्रं स्कॅन करून ठेवायला त्यांनी संगणकावर एक फोल्डर करायचं ठरवलं आणि नाव आटोपशीर दिलं : सी-ओ-एन, कॉन. संगणक म्हणाला, हे नाव चालणार नाही. काकांनी परत टाइप केलं. परत नकार. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सगळं करून झालं. त्या सुमारास अशी एक मेल घरोघर फिरत होती की ‘कॉन’ नावाचं फोल्डर जगात कुणालाच करता येत नाही आणि खुद्द बिल गेट्सच्या माणसांनाही याचं कारण सांगता येत नाही. काकांनी ती छापून दाराला लावली. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : “कन्व्हेयन्स बिल्डर देत नाही, संगणकही देत नाही.”

कारण अर्थातच सांगता येतं. डॉसच्या काळापासून ‘कॉन’ हे नाव कन्सोलसाठी, म्हणजे कळफलक आणि पडद्यासाठी, राखीव आहे. तसंच ‘पीआरएन’ प्रिंटरसाठी, ‘एनयूएल’ कुठेच न जाणाऱ्या मजकुरासाठी. त्या काळात लिहिलेले प्रोग्रॅम ही नावं गृहीत धरून चालत, म्हणून विंडोजने ती आजतागायत कुणाला दिली नाहीत. हे मी काकांना समजावलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. उलट त्यांचे डोळे भरून आले. “म्हणजे १९८१ सालच्या सभासदाची जागा यांनी अजून राखून ठेवलीय?” त्या दिवसापुरतं मायक्रोसॉफ्ट त्यांच्या मनातून उतरायचं थांबलं. मेल दारावरून काढली. फोल्डरचं नाव ‘अभिहस्तांतरण’ केलं आणि ते उघडताना दरवेळी काय शोधायचं होतं ते विसरू लागले.

मध्ये काही वर्षं काका विंडोज सोडून उबुंटू या लिनक्स प्रणालीकडे होते. तेव्हा उबुंटूवाले मागणाऱ्याला सीडी फुकट पाठवत. टपालखर्चही त्यांचाच. ही सोय २०११ पर्यंत होती. फुकट म्हणून काकांनी मागवली आणि लिफाफ्यावरचं परदेशी टपाल तिकीट बघून ठेवून दिली. मग एका गोष्टीने त्यांचं मन जिंकलं. उबुंटूच्या दोषनोंदींतली अगदी पहिली नोंद, २००४ सालची, उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतः केलेली, अशी होती की मायक्रोसॉफ्टकडे बाजारातला सिंहाचा वाटा आहे. दोष क्रमांक एक! काका आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होते. “पहिली तक्रार स्वतःच्या कामाची नाही, शेजाऱ्याची. ही संस्था आपल्या लोकांची आहे.” ती नोंद २०१३ मध्ये शटलवर्थ यांनीच मिटवली. तोवर लोक फोन आणि टॅब्लेटवर गेले होते आणि डेस्कटॉपवर कुणाचं राज्य हा प्रश्नच मागे पडला होता. शेजारी घर सोडून गेल्यामुळे तक्रार निकाली. हेही काकांना ओळखीचं वाटलं.

पण २०१० मध्ये उबुंटूने खिडकी बंद करायचं, लहान-मोठं करायचं बटण उजवीकडून डावीकडे नेलं. एवढंच. बटणं तीच, काम तेच, बाजू बदलली. वापरणाऱ्यांनी रान उठवलं, आणि शटलवर्थ यांनी उत्तर दिलं की ही लोकशाही नाही. चांगला अभिप्राय हवा आहे, पण आरेखन मतदानाने ठरणार नाही, अशा अर्थाचं. काकांना बटणापेक्षा हे लागलं. “मग सूचना मागवता कशाला? पेटी टांगायची आणि किल्ली फेकून द्यायची?” विंडोजला ते ‘लिनक्समध्ये बघा कसं मोकळं आहे’ असं लिहीत होते. आता लिनक्सला ‘विंडोजमध्ये निदान बटण जागेवर असतं’ असं लिहू लागले. लेक परदेशात असताना तिच्या मॅकवर बसले, आणि तासाभरात ॲपलला तिसरं पत्र : खिडकी उजव्या-खालच्या कोपऱ्याखेरीज कुठूनच ताणता येत नाही, बाकीच्या तीन बाजूंनी काय घोडं मारलं? २०११ मध्ये ॲपलने चारी बाजू मोकळ्या केल्या. शेरा : “मान्य. उशिरा.”

काकांची चेष्टा करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. हा आजार फक्त निवृत्तांना होतो असं नाही. २०११ सालीच ग्नोम ३ नावाचा लिनक्सचा नवा पडदा आला. त्याने खिडकी लहान करण्याचं बटणच काढून टाकलं. त्यावर संतापून दुसरीकडे मुक्काम हलवणाऱ्यांत खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स होते, म्हणजे ज्यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला ते. त्यांनी चारचौघांत ग्नोमला नको ते ऐकवलं आणि एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या पडद्याकडे गेले. पुढे परत आले, तेही खरं. जगातली अर्धी यंत्रणा ज्याच्या कामावर उभी आहे त्या माणसालाही आपलं बटण जिथे होतं तिथे हवं असतं.

आणि ज्यांची सूचना खरोखर रास्त असते त्यांचं काय होतं? ग्नोमच्या जगात फाइल निवडायच्या चौकटीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत, अशी मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. कोणता फोटो जोडायचा हे नुसत्या नावावरून कसं कळणार, इतकी साधी गोष्ट. ती सोय मिळाली मार्च २०२३ च्या ग्नोम ४४ मध्ये. ही मागणी काकांच्या रजिस्टरातही आहे. नोंद झाली तेव्हा त्यांची लेक कॉलेजात होती, शेरा पडला तेव्हा तिचा मुलगा शाळेत जात होता.

मराठीच्या बाबतीत मात्र मी विनाशर्त काकांच्या बाजूचा आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली. सेटिंगच्या आत जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग ते मूळ सीडी मागायचं. सीडी संगणक जोडून देणाऱ्याकडे. तो ती कुणाला देत नसे, आणि त्याला ती कुठून मिळाली हे विचारायचं नसतं. ते जमलं तर ‘मंगल’ फाँट समोर यायचा. त्यातला ल आणि श हिंदी वळणाचे. काकांचं म्हणणं, माझ्या सहीतला ‘ल’ आणि पडद्यावरचा ‘ल’ जुळत नाही, बँकेत असा चेक मी परत केला असता.

पुढचं दुखणं अर्ध्या र चं. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागायची, ‘कचऱ्याची गाडी आठ वाजता येईल, पायऱ्यांवर चपला ठेवू नयेत.’ ती टाइप करायला बसलं की र च्या पुढे हलन्त, पुढे य, आणि बघता बघता र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसायचा. ‘कचर्याची गाडी’, ‘पायर्यांवर’. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यात हे खड्यासारखं— नको, उपमा नको, सरळ सांगतो : चूक आहे. इनस्क्रिप्टमध्ये त्याला वाट आहे. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्तावाला ऱ येतो, त्याला हलन्त आणि य जोडला की ‘ऱ्य’ व्यवस्थित उमटतो. पण हे सांगितलं कुणी? काकांना ते एका डीटीपीवाल्याने सांगितलं आणि काकांनी ते कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. तो कागद पिवळा पडून आजही तिथेच आहे.

ॲ चं तर काय सांगावं! युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. तोपर्यंत अ ला चंद्र जोडून भागवायचं आणि काही पडद्यांवर मध्ये एक ठिपक्यांचं वर्तुळ उगवायचं. “मी बँकेत ॲडव्हान्स खात्यात आयुष्य काढलं,” काका सांगतात, “माझ्या खात्याचं पहिलं अक्षर आलं तेव्हा मी रिटायर झालो होतो.”

आणि ळ. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेला. त्यात ळ बसतो ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. मराठी मुळाक्षरांत तो ह नंतर येतो. जिथे तक्त्याचा क्रम जसाच्या तसा वापरला जातो तिथे यादीची उलथापालथ होते. काकांनी सोसायटीच्या विषयांची एक यादी केली, तिच्यात ‘पाळणाघर’ आधी, मग ‘पावत्या’, मग ‘पाहुण्यांचे पार्किंग’. बाराखडी शिकलेल्या माणसाला पाळणाघर सगळ्यात शेवटी हवं. काकांनी यावर लिहिलेलं पत्र त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम आहे. शांत, मुद्देसूद, उदाहरणांसकट. गंमत म्हणजे एवढ्या एकाच पत्राच्या तळाशी ‘पूर्ववत करावे’ असं लिहिलेलं नाही. पूर्ववत करायला आधी कधी बरोबर असावं लागतं.

लेक आता परत आलीय, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. महिन्यातून एखाद्या रविवारी येते आणि बापलेकीची जुंपते. तिचं म्हणणं, बाबा, प्रत्येक सूचना म्हणजे एक नवं बटण, चालू किंवा बंद. अशी दहा बटणं झाली तर १,०२४ प्रकारचे संगणक झाले, ते सगळे तपासायचे कुणी? आणि तुम्ही जे बदलू नका म्हणता तेच दुसऱ्या कुणाला गेली दहा वर्षं बदलून हवं असतं.

“माणसं ठेवा,” काका म्हणाले. “आम्ही रोज संध्याकाळी एक पैसा जुळेना तर सगळी शाखा थांबवून ठेवायचो.”

“आणि टास्कबार? तो बाजूला नेता येत नाही म्हणून पाच पत्रं? बाबा, तुमचा टास्कबार जन्मात खालून हललेला नाही!”

हे खरं आहे. विंडोज ९५ पासून तो पट्टा पडद्याच्या चारही कडांना नेता येत असे. विंडोज ११ आलं तेव्हा ती मुभा गेली आणि पट्टा तळाशी खिळला. काकांनी तो कधीही हलवला नव्हता. हलवता येतो हे त्यांना कळलं ते काढून घेतल्याच्या बातमीतून.

“हलवायचा नाहीच आहे मला,” काका म्हणाले. “पण हलवता आला पाहिजे. हक्काचा प्रश्न आहे.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

इथवर वाचून कुणाची अशी समजूत झाली असेल की काकांकडे विंडोज ११ आहे, तर ते तसं नाही. त्यांचा संगणक लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला, भरपूर जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. काकांच्या यंत्रात दोन्ही नाही, त्यामुळे ते आत घेतच नाही. रिफ्रेश परत आणल्याचे पेढे, टास्कबारची पाच पत्रं, आखूड यादीचा निषेध, हे सगळं अशा घराबद्दल जिथे काकांनी पाऊल ठेवलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधारही संपला. लेक म्हणते नवा घेऊन देते. काका म्हणतात, आधी पत्रांचं काय होतं ते बघू.

“पण बाबा, जे तुमच्याकडे नाही त्याच्या सूचना करून काय उपयोग?”

“आल्यावर करून काय उपयोग झाला?” काका म्हणाले. मग रजिस्टर पुढे ओढलं, टोपण काढलं आणि मला विचारलं, “बारा कधी येतंय रे?”

मी म्हटलं, अजून कुणी जाहीर केलेलं नाही.

“बरं झालं,” म्हणाले, आणि जावक क्रमांक घातला.